सरळ धरलेलं पिस्तूल

"पोरी, लोखंड आपलं पहिलं अन्न विसरत नाही," आजोबा म्हणायचे. आवाज कानशीसारखा खरखरीत, पण ज्यावरून फिरेल ते गुळगुळीत करणारा. मी तेव्हा त्यांच्या मांडीत मावेन एवढी होते. आमच्या दऱ्याच्या बाजारात दुकानागणिक बंदुका घडतात. आजोबा तीस बोअरची पिस्तुलं घडवत, आणि त्यांना दुसऱ्या मापाची गोळी चारायला ते कधी तयार झाले नाहीत.

माझे बाबा, उस्ताद खैस्ता गुल, तयार झाले. तीस बोअरच्या गोळ्या बाजारात हातानं भरलेल्या, निम्म्या फुसक्या. नऊ एमएमच्या बाहेरून यायच्या, खणखणीत. लोक बापजाद्यांची पिस्तुलं घेऊन यायचे, "उस्ताद, म्हाताऱ्याला नवी चव लावा." बाबा लावायचे. मग दुकानाबाहेर येऊन हात उंच करायचे आणि सगळ्या गोळ्या आभाळात झाडून दाखवायचे. आमच्याकडे परीक्षा ती एवढीच. समोर भरला बाजार, समोर कोण झाडणार? आभाळ कुणाचं भाऊबंद नाही, ते सूड घेत नाही.

माझ्या लग्नात बाबांनी आजोबांचंच पिस्तूल नऊ एमएमचं करून जावयाच्या, जानसच्या, हाती दिलं. त्यानं ते तिथंच आभाळात रिकामं केलं. बायकांनी डफावर ताल धरला,

तुझ्या कमरेला लोखंड, माझ्या डोळियां काजळ,
दोघं राखू रे सजणा, एका चुलीचा हा जाळ.

चुलीला धोका होता तो जानसच्या चुलतभावाचा, मिनहाजचा. डोंगरातल्या कोळशाच्या खाणीचं तोंड कुणाचं, यावरून दोघे एकमेकांच्या जिवावर उठले होते. जिरग्यानं, गावच्या पंचांनी, मध्ये पडून दोघांत दगड ठेवला. दगड आहे तोवर हत्यार उचलायचं नाही. दगड उचलला की ज्याचा त्याचा नशिबाशी सौदा.

त्या हिवाळ्यात पिस्तुलाची मूठ सैल झाली म्हणून जानसनं ते बाबांकडे टाकलं. दुपारी मी माहेरी गेले, तर बाबा मागच्या अंगणात मातीच्या भिंतीवर नेम धरून उभे. पहिली गोळी गेली. दुसरी अर्धी आत, अर्धी बाहेर, घास अडकलेल्या तोंडासारखी. त्यांनी ती खटपटीनं काढली, हात वर केला, आणि उरलेल्या सगळ्या गेल्या. पुन्हा भरलं, पुन्हा सरळ धरलं, पुन्हा अडलं. वळले तर दारात मी. संध्याकाळी जानसच्या हातात पिस्तूल ठेवत म्हणाले, "घे. घोड्यासारखं चालतं."

मी जानसला सांगून पाहिलं. तो पोट धरून हसला.

"उस्तादाची लेक उस्तादाला शिकवायला निघाली! दोस्ताच्या लग्नात अख्खं रिकामं केलं मी. एक तरी अडली?"

"वर नाही अडत. समोर धरून बघा."

"समोर कुणाला धरू? तुला?"

"मग खाणीवर रायफल न्या."

"रायफल गळ्यात अडकवून कोळसा भरू? आणि सासऱ्याचं पिस्तूल घरी ठेवलं तर लोक म्हणतील, जावयाचा उस्तादावर भरवसा नाही. बाबांना स्वतः म्हणू दे, मग बघू."

मी बाबांकडे गेले.

"बाबा, दुरुस्त तरी करून द्या."

"केलं गं बच्चे. इकडून समजावलं की तिकडून रुसतं."

"मग सांगा त्यांना."

"माझ्या शब्दावर किती जणांनी कमरेला बांधलंय, ठाऊक आहे? एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागेल."

"ते सगळ्यांतले एक आहेत का?"

बाबा कानस चालवत राहिले. लोखंडाचा चुरा त्यांच्या दाढीत पडत होता, पांढऱ्यात पांढरा.

वसंतात दगड उचलला गेला. दुसऱ्या सकाळी जानस खाणीवर निघाला. मी त्याच्यापुढे कहवा ठेवला, वर भिजवलेले बदाम ठेवले, नान ठेवला. ठेवायला हात होते, थांबवायला नव्हते. तेवढ्यात बाबा आले. खाटेवर टेकले. पावसाबद्दल बोलले, कोळशाच्या ओलीबद्दल बोलले. जन्मभर गोळ्यांचे आवाज ऐकून त्यांचे कान गेलेले, त्यामुळे पावसाबद्दलही ते ओरडूनच बोलले.

"सासरेबुवा, पाऊस मलाही दिसतो," जानस हसला. वाकून त्यानं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, पिस्तूल कमरेला खोचलं आणि बाहेर पडला.

बाबा खाटेवरच. मी त्यांच्या पायाशी बसले, ओढणी त्यांच्या पावलांवर ठेवली. आमच्याकडे बाईनं ओढणी पायावर ठेवली की दुश्मनही नाही म्हणत नाही. बाबांनी ओढणी उचलली, माझ्या डोक्यावर घातली आणि अनवाणीच बाहेर धावले.

मी फाटकाच्या फटीला डोळा लावला. समोर नान भाजणाऱ्याच्या दुकानाशी नेहमीची रांग. जानसनं पिकअपचं इंजिन सुरू केलं होतं. आणि रांगेत, भाकरीचं फडकं खांद्यावर टाकून, मिनहाजचा धाकटा भाऊ उभा होता. बाबांनी त्याला पाहिलं नाही.

ज्या शब्दासाठी मी हिवाळाभर झुरले, तो आता बाबांच्या ओठावर येऊ नये म्हणून मी ओरडले, "बाबा! आत या!" जन्मात पहिल्यांदा माझा आवाज रस्त्यावर गेला. रांगेतले सगळे वळले. फक्त बाबा वळले नाहीत.

त्यांनी दोन्ही हातांनी गाडीची खिडकी धरली. जानसनं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

"ते नेऊ नकोस," बाबा म्हणाले, आणि ते साऱ्या बाजारानं ऐकलं. "वर चालतं. माणसासमोर धरलं की अडतं. तुला दिलं तेव्हाच मला माहीत होतं."