बांधावरची आई

कुसाबाईच्या मानेवर, दोरी रुतते तिथे, एक पातळ लाल रेघ उमटली होती. दोरीला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल होता. वडील गेल्यावर तिच्या मुलीने, उज्वलानेच तो घेऊन दिला होता. सातपूरच्या प्रयोगशाळेतून ती आईला तासातासाला फोन करायची आणि उचलला नाही तर शेजाऱ्यांना धावायला लावायची.

आज ती न कळवता घोटीजवळच्या शेतावर आली. बाया वाकून भाताची लावणी करत होत्या. आई एकटीच कोरड्या पायांनी बांधावर उभी होती.

"तू का नाही उतरलीस?"

"वाकलं की फोन पाण्यात जातो. नाय उचलला तर तुला घोर लागतो."

"आम्ही हिला टावरच म्हणतो!" चिखलातून हिराबाई ओरडली. बाया हसल्या. आईही हसली, पण तिची नजर रोपांवरच होती. दरवर्षी पहिली मूठ तीच लावायची.

उज्वलाला वर बघवेना. काळजी हे नुसतं निमित्त होतं. एकटेपणा तिलाच सोसत नव्हता. हे सारखं फोन करणं थांबवायचं ती कित्येक महिने ठरवत होती, पण जमत नव्हतं.

"आई, उतर तू," ती म्हणाली. "आजपासून मी फोन करणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू कर."