मापात न बसलेला उजवा पाय

मी फर्मा बोलतोय. नाही ओळखलंत? ओळखणार तरी कसं! बूट सगळे बघतात, तो कशावर बेतला ते कोण बघतं? पायाच्या आकाराचं लाकूड असतं, त्यावर चामडं ताणून बूट शिवतात. तो मी, उजव्या पायाचा. डावा माझा जोडीदार, पण तो मुखदुर्बळ आहे.

आम्हाला एका बूट शिवणाऱ्या कारागिराने तासलं, तेही गिऱ्हाइकासाठी नव्हे, स्वतःच्या लेकीसाठी. तिचं पाऊल वाढलं की तो माप घ्यायचा आणि आमच्यावर चामड्याचा एकेक तुकडा चिकटवायचा. नवं लाकूड तासत बसायला सवड कुणाला! पोरगी एका जागी बसेल तर शपथ. माप घेताना तिला गुदगुल्या व्हायच्या आणि बाप लटकं रागवायचा. दुकान उघडलं की तो आधी देवाला हात जोडायचा, मग हत्यारं काढायचा.

एकदा तिला ताप आला. ताप उतरला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

तेव्हा त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. पाय न मापताच आमच्यावर तुकडे चढवले.

"अहो, आधी माप तरी घ्या," बायको म्हणाली.

"देव उठवणार आहे तिला. उठेल तेव्हा पाय वाढलेला असेल."

त्याने सुरेख लाल बूट शिवले. मला मात्र त्या तुकड्याची धास्तीच वाटत होती.

ती उठली नाही. शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले. बूट घालून बघितले तर ते ढगळ. पाऊल वाढलं नव्हतंच, उलट वाळलं होतं.

"बाबा, देव माझ्यावर रागावलाय का?"

"नाही गं बाळा."

"मग त्याने असं का केलं?"

त्याने ढगळ बुटाची नाडी आवळली. म्हणाला, "मला नाही माहीत."

दुसऱ्या दिवसापासून त्याने हात जोडणं सोडलं. दुकानात येऊन नुसता बसायचा. मला फार भीती वाटायची.

परवा त्याने पुन्हा तिचं माप घेतलं. आता गुदगुल्या होत नव्हत्या.

"चालायचं नाही तर बूट कशाला?" तिने विचारलं.

"पाय गार पडतात ना तुझे."

दुकानात येऊन त्याने सुरीने माझ्यावरचा तो न मापता चढवलेला तुकडा खरवडून काढला. मग मला मांडीवर तसाच धरून रडला. "देवा, तुझं काही कळत नाही मला. फार राग येतो तुझा. पण तुला सोडून विचारू तरी कुणाला?"

बराच वेळ तो थांबला. काहीच झालं नाही.

मी पडलो लाकूड, मला प्रार्थना येत नाही. तुमच्यापैकी कुणाचा देवाकडे वशिला असेल तर माझा एवढा निरोप पोचवा: उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस, बाबा. पण तो विचारत असताना उठून जाऊ नकोस.