गुंड्याला कोंडलं ती दुपार

नवी पेठेत ईश्वरप्पांचं साड्यांचं दुकान. ते दिवसभर तिकडे, आणि घरी बायको जगदेवी अन् तिचा गुंड्या. मांडीत मावेल एवढं पांढरं कुत्रं. ती बाजाराला निघाली की दारावर नखं घासून रड मांडायचं. म्हणून मुलीनं, श्रीदेवीनं, पुण्याहून पोकळ रबरी खेळणं पाठवलं होतं. जगदेवी त्यात उकडलेलं रताळं ठासून भरायची. ते चाटून काढण्यात गुंड्याचा तास जायचा, तोवर ती परत आलेली असायची.

मार्चमधल्या एका सकाळी ती ओट्यापाशीच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

श्रीदेवी पोहोचल्यावर लिंगायतांच्या रीतीप्रमाणे जगदेवीचा देह अंगणात बसवला, हार घातले. विधी करायला जंगम आले. गुंड्या तिचा पदर तोंडात धरून ओढत होता. हाकललं तरी परत यायचा.

"अप्पा, त्याला आत न्या की," श्रीदेवी रडत म्हणाली. "मला बघवत नाही."

ईश्वरप्पांनी ते खेळणं पहिल्यांदाच हातात घेतलं. फ्रिजमध्ये रताळं होतं, जगदेवीनंच आदल्या दिवशी उकडलेलं. ते भरलं, गुंड्याला मागच्या खोलीत सोडलं, बाहेरून कडी घातली. आतून चाटल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा त्यांनी माणसांना खूण केली. जगदेवीला उचललं.

परतल्यावर कडी काढली. गुंड्या धावत अंगणात गेला, ती बसली होती ती जागा हुंगली, सगळ्या खोल्या फिरला आणि ईश्वरप्पांकडे बघत उभा राहिला. त्यांना मान वर करवेना.

पुढची कार्यं उरकून श्रीदेवी गेली. दुकान उघडणं भाग होतं. ईश्वरप्पा रोज खेळणं भरून ठेवायचे, आणि रोज संध्याकाळी ते तसंच, मुंग्या लागलेलं. शेजारच्या निंगव्वा म्हणाल्या, "अण्णा, दिवसभर रडतंय बगा. पाणीबी पीत न्हाय."

"त्यात पनीर घालून बघा," श्रीदेवी फोनवर म्हणाली.

"पनीरनं काय होतंय गं? ते भरलं अन् तुझी अव्वा गेली, एवढंच त्याला कळलंय. मीच फसवलं त्याला. शेवटचं भेटू तरी द्यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी ते गुंड्याला काखेत घेऊन रिक्षात बसले. दुकानात तो गादीवर त्यांच्या गुडघ्याला चिकटून राहिला. दुपारी डब्यातली चतकोर भाकरी त्यानं खाल्ली.

संध्याकाळी एक बाई साडी बघायला आल्या. "लई गुणाचं हाय की. कुणाचं वो?"

"आमच्या हिचं," ईश्वरप्पा म्हणाले, आणि इतके दिवस कुणासमोर न रडलेला तो माणूस हातातल्या साडीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. बाई चप्पल काढून गादीच्या कडेला बसल्या आणि ते शांत होईपर्यंत थांबल्या.