सांबारावर ढकललेलं दुखणं

माझ्या नवऱ्याचं, तन्मयचं पोट बिघडलं की मी सरळ सांबाराला शिव्या घालायची. चेन्नईजवळ ओरगडमला त्याच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज चिंच नि तिखट, कोल्हापूरच्या माणसाला बाधणारच, त्यात काय एवढं! तांबरममध्ये राहायला आलेली आम्ही सगळी मराठी मंडळी हेच म्हणतो. मी त्याला भाकरीचा डबा द्यायला लागले.

पण दिवाळीत पंधरा दिवस सासरी राहिलो. तिथे कुठलं आलंय सांबार? तरी हा पहाटे झोपेतून उठून संडासात पळायचा. पँट कमरेवरून घसरायला लागली. तेव्हा मात्र मी डॉक्टरकडे चल म्हणून त्याच्या मागे लागले.

"गॅस आहे गं, उगाच डोकं खाऊ नकोस," म्हणे. मी ऐकते होय! चेन्नईला परतल्यावर ओढतच डॉक्टर हरिप्रियांकडे नेलं. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या, आमच्याशी मराठीतच बोलतात. म्हणाल्या, खाण्याने बिघडलेलं पोट बहुतेक वेळा पथ्याने चार-आठ दिवसांत ताळ्यावर येतं. ते असं वजन उतरवत नाही, झोपेतून उठवत नाही.

"संडासवाटे रक्त पडतं का?"

"नाही," तन्मय म्हणाला.

"घरात कुणाला आतड्याचा आजार?"

"बाबा पोटाच्या दुखण्याने गेले. मी आठवीत होतो."

"पोटाचं म्हणजे नेमकं काय?"

आमच्या घरात हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्याने तिथूनच सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"आई, बाबांना नक्की काय झालं होतं गं?"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. सासूबाई हळूच म्हणाल्या,

"आतड्याचा कॅन्सर. मूळव्याध आहे, मूळव्याध आहे म्हणत सहा महिने अंगावर काढलं त्यांनी." मग एकदम आवाज चढला. "का रे? तन्मय, तुला रक्त पडतंय?"

मी म्हणणारच होते, छे हो आई, काहीतरीच काय!

"चार महिने झाले," तो म्हणाला.

देवा रे! चार महिने, आणि मला पत्ता नाही. त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि मला रडूच फुटलं. डॉक्टर म्हणाल्या, दुर्बिणीने तपासल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही, पण तपासणी याच आठवड्यात करायची.

फोन चालूच होता.

"सावनी," सासूबाई म्हणाल्या, "ह्याला तरी उशीर होऊ देऊ नकोस गं."