तिसरी काच

काचेच्या दोन तुकड्यांमध्ये तांदळाचा एक दाणा आडवा मावला असता. कुमुदिनीने टॉर्च आणखी खाली नेला. काचेच्या पट्टीची दोन्ही टोकं खडकातल्या भेगेच्या दोन काठांवर प्लास्टरमध्ये घट्ट रुतलेली होती. एका टोकाला तिनेच खिळ्याने कोरलेली तारीख होती, एक मार्च. भोवती लावलेलं कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, काट्यांचं कुंपण जागचं हललं नव्हतं.

"आई, चलो ना! सूरज निकल जाएगा," मयुरा वरून ओरडली.

"उगवेल म्हण, उगवेल," सुधाकर म्हणाला आणि बायकोजवळ येऊन थांबला. "कुमुद, सुट्टीच्या दिवशी इथंही ऑफिस?"

तिने टॉर्च भेगेवरून हलवला नाही. पुढे शंभर-सव्वाशे माणसं टॉर्चच्या उजेडात धापा टाकत चढत होती. ही पद्माकरसाहेबांची रीत होती. किल्ल्या द्यायच्या दिवशी पहाटे सगळ्या कुटुंबांना मागच्या डोंगरावर न्यायचं, सूर्योदय दाखवायचा, वरून ज्याची त्याची खिडकी दाखवायची आणि खाली उतरल्यावर पेढा नि किल्ली हातात ठेवायची. गुडगावात आणखीही बिल्डर होते, पण घर असं हातात देणारा हा एकच, असं लोक म्हणत.

या वेळी इमारत डोंगराला अगदी खेटून होती. जागा कमी पडली म्हणून पायथा उभा कापला होता. कुमुदिनी पुण्याहून भूगर्भशास्त्र शिकून आलेली. सहा वर्षं घरी बसल्यावर साहेबांनीच तिला नोकरीवर घेतलं होतं. माथ्याजवळ भेग दिसली तेव्हा तिने रीतीप्रमाणे तिच्यावर काचेची पट्टी बसवली. खडक सरकला तर काच तुटते, एवढं साधं ते काम. पहिली पट्टी दिवाळीत तुटली. इथे गुजर गुराख्यांच्या बकऱ्या चरायला येत. तिने वहीत लिहिलं, 'बकरीने फोडली.' दुसरी जानेवारीत तुटली. तिने पुन्हा तेच लिहिलं, मात्र त्या वेळी पेन थोडा वेळ हवेतच राहिला होता. तिसरीला तिने स्वतः कुंपण घातलं.

डोंगराकडची बाजू सुरक्षित असल्याचा दाखला तिच्या पर्समध्ये होता. टाइप झालेला. फक्त सही राहिली होती, तीही महिनाभर.

"काय कुमुदिनीबाई, दगडाशी गप्पा?" पद्माकरसाहेब काठी टेकत मागून आले. "चला, तुमची खिडकी दाखवतो. सहावा मजला, कोपऱ्यातला."

"सर, काच तुटलीय."

"बकरी असेल."

"कुंपण शाबूत आहे."

"मग माकड असेल. माकडाला कुंपण काय करणार?" ते हसले. "हे बघा, सही खाली पेढे खाताना करा. गोड हाताने."

"माकडाने फोडली असती तर तुकडे उडाले असते. हे दोन्ही अजून प्लास्टरमध्ये घट्ट आहेत. फक्त एकमेकांपासून लांब गेलेत."

साहेबांचं हसू ओठांवर राहिलं, डोळ्यांतून गेलं. "आज नको," ते हळूच म्हणाले. "चव्वेचाळीस कुटुंबं सामान बांधून बसलीत."

सुधाकरने तिचा दंड धरला. "आपणही. भाड्याचं घर एकतीसला सोडायचंय, विसरलीस का? दाखला देऊन टाक, मग हवं तेवढं मोजत बस."

पूर्वेला धुरकट तांबडं फुटलं. गर्दी कड्याच्या टोकाकडे सरकली, भेगेच्या पलीकडे. कुणी म्हणालं, "वो देखो जी, अपनी बालकनी!" एक म्हातारे गृहस्थ कड्यावरच हात जोडून उभे राहिले. सूर्य वर आला, लाल, किरण नसलेला. त्याच्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं. मयुरा टोकाशी जाऊन वाकून आपली खिडकी शोधत होती.

पलीकडच्या खाणीत शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. सुरुंगाची वेळ. ही शिट्टी रोजची होती, त्यामुळे कुणी मान वळवली नाही.

कुमुदिनीने भेगेच्या काठावर तळहात टेकला. धक्का आधी हाताला कळला, आवाज मागून आला. काठावरची रेती सुटून आत पडू लागली. ती कान देऊन राहिली. रेती तळाशी पोचल्याचा आवाज आला नाही. आणि तांदळाच्या दाण्याशेजारी आता दुसरा दाणा मावला असता.

ती उठली.

"मयुरा, इकडे ये. धावू नकोस, हळू चालत ये." मग तिने आवाज चढवला. इतक्या मोठ्याने ती या गावात कधी बोलली नव्हती. "सब लोग पीछे आइए! इस दरार के इस तरफ़. एक-एक करके."

लोक कुरकुरत, एकमेकांकडे बघत मागे येऊ लागले. सुधाकर पुढे गेला आणि त्याने मयुराचा हात धरला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अहो, काय तमाशा चालवलाय?" पद्माकरसाहेबांनी विचारलं.

शेवटचे म्हातारे गृहस्थ भेग ओलांडेपर्यंत ती थांबली. मग पर्स उघडून तिने दाखल्याचा कागद बाहेर काढला आणि साहेबांच्या हातात दिला, सहीची जागा कोरीच ठेवून.

"बकरी नव्हती, सर. पहिल्या वेळीही नव्हती. मी सही करणार नाही. आज कुणालाही किल्ली देऊ नका. आम्हालासुद्धा."