अज्ञात स्त्री, वाराणसी

मधुवंती पुराणिक दिल्लीच्या एका संस्थेतून फॅशन डिझाइनची तीन वर्षं पुरी करून काशीला परतली, तेव्हा मंगला गौरीच्या गल्लीत तिच्या शिक्षणाबद्दल दोन मतं होती. एक मत असं, की मुलगी शिवणकाम शिकून आली. दुसरं तिच्या वडिलांचं होतं. नरहरपंतांच्या मते ती शिवणकामसुद्धा शिकून आली नव्हती. ते विद्यापीठात संस्कृत व्याकरण शिकवत. जो शब्द कुठल्या धातूपासून सिद्ध होत नाही त्यावर त्यांचा विश्वास नसे, आणि 'फॅशन' हा शब्द त्यांना आजवर सिद्ध करता आला नव्हता.

नोकरीसाठी मधुवंतीने चाळीसएक ठिकाणी अर्ज पाठवले. दोन उत्तरं आली. एकाने तिच्यामागे इन्स्टाग्रामवर किती माणसं आहेत ते विचारलं, दुसऱ्याने स्वतःची स्कूटर आहे का ते. माणसं नव्हती, स्कूटरही नव्हती. मग कुणाच्या तरी ओळखीने तिला 'मौनरेशा'मध्ये मुलाखतीला बोलावलं.

'मौनरेशा' हा ब्रँड ऋतुराज नावाच्या दिल्लीकराचा. त्याने आडनाव टाकून दिलं होतं. आडनावाने कलावंत बांधला जातो, असं तो म्हणे. आडनावाबरोबर आलेला आजोबांचा कारखाना मात्र त्याने टाकला नव्हता. बनारसमध्ये त्याने एका जुन्या इमारतीचा मजला घेऊन भिंती पांढऱ्या केल्या होत्या आणि मधोमध एक हातमाग ठेवला होता. त्या मागावर कुणी काही विणत नसे. विणकर आपापल्या घरी विणत. हा माग पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून होता.

मुलाखतीत ऋतुराजने तिची चित्रांची फाइल उघडलीसुद्धा नाही. त्याने फक्त विचारलं, "तुम्हारी कहानी क्या है?" मधुवंती गोंधळली. तिने आपलं खरं ते सांगितलं: आम्ही मराठी, सात पिढ्यांपासून काशीत, वडील व्याकरण शिकवतात, घर पंचगंगा घाटाच्या वर. ऋतुराजने डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले आणि ती नेमली गेल्याचं सांगितलं. पद 'क्रिएटिव असोसिएट'. पहिले सहा महिने पगार नाही, कारण सुरुवातीलाच पगार मिळाला तर हात जड होतो. तिने त्याला 'सर' म्हटलं, तेव्हा तो दुखावला. इथे कुणी सर नाही, म्हणाला, आपण सगळे एका घरचे. पगाराचा मुद्दा त्यामुळे आपोआपच निकालात निघाला.

क्रिएटिव असोसिएटचं काम असं: साड्यांवर वाफेची इस्त्री फिरवायची, त्या मलमलीत गुंडाळायच्या, पाहुण्यांना मागाची माहिती द्यायची आणि ऋतुराजच्या कॉफीसाठी ओट्सचं दूध शोधून आणायचं, तेही ज्या गावात दर तिसऱ्या दाराशी म्हैस बांधलेली असते त्या गावात. चार महिन्यांत मधुवंतीने कात्री एकदाच हातात घेतली, कुरियरचं पार्सल उघडायला. घरी नरहरपंत रोज विचारत, आज काय केलंस. ती सांगे, मूड बोर्डवर काम चाललंय. "मूड कुणाचा?" ते विचारत. त्यांना खरोखरच षष्ठी विभक्ती हवी असे.

फेब्रुवारीत ऋतुराजने नव्या संग्रहाची घोषणा केली. नाव 'नौ', नऊ रसांवरून. भिंतीवर भला मोठा फोटो लागला. पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या, आणि त्या चढणारी, हातात तांब्या घेतलेली, काष्टा घातलेली एक बाई, पाठमोरी. खाली लिहिलं होतं, 'अज्ञात स्त्री, वाराणसी'. आपल्याला एक लुप्त होत चाललेली नेसण सापडली आहे, असं ऋतुराज म्हणाला. पायांमधून कापड मागे नेतात, म्हणजे बहुधा लढणाऱ्या बायकांची, एखाद्या डोंगराळ जमातीची असावी. संशोधन व्हायला हवं.

मधुवंतीने फोटो पाहिला आणि तिचे कान तापले. ती मृणालिनी आत्या होती. शंकाच नको. डाव्या खांद्याला एका अंगाने तिरकी झालेली कापडी पिशवी लटकत होती, आणि ती पिशवी मधुवंतीने स्वतः पहिल्या वर्षाला शिवली होती.

मृणालिनी आत्या ही नरहरपंतांची थोरली बहीण. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. ती रोज नऊवारी नेसे. परंपरा वगैरे म्हणून नाही, तर त्या पायऱ्या दिवसातून दोनदा पाचवारीत चढणं तिच्या मते मूर्खपणाचं होतं म्हणून. भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसत तेव्हा पत्र्याच्या उभ्या सांगाड्यांवर साड्या चढवायचं काम तिचंच, आणि दहाव्या वर्षापासून मधुवंती तिच्या हाताखाली होती. गल्लीतल्या मराठी लग्नांतल्या नवरींनाही पुढे या दोघीच साडी नेसवू लागल्या.

हे सगळं मधुवंतीने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण चार महिन्यांत तिला एवढं कळलं होतं, की बिनपगारी माणसाची माहिती ही माहिती धरत नाहीत. ती हळूच म्हणाली, "इसे नऊवारी कहते हैं. हमारे घर में पहनते हैं." ऋतुराज मायेने हसला आणि या गोष्टीला नाव देऊन डबीत बंद करू नकोस, म्हणाला.

घरी तिने आत्याला फोटोचं सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होती. मागून काढलाय का, एवढंच तिने विचारलं, आणि पदर नीट होता ना.

चित्रीकरण मुन्शी घाटावर ठरलं, पहाटेच्या कोवळ्या उजेडात. मॉडेल पाच. साड्या खास नऊ वार विणून घेतलेल्या, जरीने इतक्या जड की दोघींनी उचलाव्यात. नेसवायला दिल्लीहून कुणाल नावाचा तरुण आला होता. त्याचं पद 'ड्रेप आर्किटेक्ट'. ऋतुराजचा एक आग्रह होता, की कापडाला सुई लागता कामा नये. सुई लागली की संस्कृती संपते. म्हणून कुणालने टाका एकही घातला नाही. त्याने एका साडीला बत्तीस सेफ्टी पिना लावल्या.

पहिली मॉडेल नागपूरची संपदा. ती दोन पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर कमरेजवळ काहीतरी तटतटलं, काष्टा सुटला, आणि पुढच्या क्षणी ती कमरेभोवतीची जरी दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती. खाली नावा लागल्या होत्या. यात्रेकरूही होते आणि त्यांना घाई नव्हती. एका म्हाताऱ्या नावाड्याने मनापासून सुचवलं, की धोतर बांधायचं असेल तर तो शिकवील. कुणालने आणखी दहा पिना लावल्या. या खेपेला संपदा एक पायरी उतरली.

उजेड वाढत होता. छायाचित्रकार घड्याळ बघत होता. ऋतुराज एका पायरीवर डोळे मिटून दीर्घ श्वास घेत होता. अडचण आली की तो हेच काम करी. मधुवंतीने हातातली वाफेची इस्त्री खाली ठेवली. "मैं पहना देती हूँ," ती म्हणाली. कुणी उत्तर दिलं नाही. तिने ती परवानगी समजली.

कपडे बदलायच्या तंबूत संपदाने मराठीत विचारलं, "तुला येतं का?"

"मला एवढंच येतं," मधुवंती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच ते लागलं.

तिने आधी सगळ्या पिना उपटल्या. मग साड्या बांधून आणलेल्या मलमलीची एक पट्टी फाडून संपदाच्या कमरेला आवळली. रेशीम रेशमावर घसरतं, पण सुती पट्टीवर थांबतं. गाठ, निऱ्या, काष्टा, पदर. नऊ-दहा मिनिटांत झालं. संपदा बाहेर गेली, घाटाच्या पायऱ्या खालपर्यंत उतरली आणि दोन-दोन ओलांडत वर आली. नावाड्याने मान डोलावली.

पण चौघी राहिल्या होत्या, आणि सूर्य कुणासाठी थांबणार नव्हता. मधुवंतीने आत्याला फोन लावला. आत्या स्नान आटोपून पंचगंगेवरच होती. तिने नाव धरली आणि वीस मिनिटांत ती मुन्शी घाटाला उतरली, तीच नऊवारी, खांद्याला तीच पिशवी. ऋतुराजने डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. महिनाभर रोज ज्या पाठीसमोर तो उभा राहत होता ती पाठ त्याने ओळखली नाही. काय चेहरा आहे, तो छायाचित्रकाराला म्हणाला. हिला मागे कुठेतरी ठेव, धूसर.

आत्याला धूसर होण्यात रस नव्हता. तिने तंबूत जाऊन वर्गात शिरल्यासारखी एक नजर फिरवली, मॉडेलना रांगेत उभं केलं आणि कुणालच्या हातात साडीचं टोक दिलं. इथे उभा राहा आणि हलू नकोस, असं तिने त्याला हिंदीत सांगितलं. कुणाल हलला नाही. त्या सकाळी त्याने केलेलं ते सर्वांत उपयोगी काम. ऊन चढायच्या आत पाचही जणींचे फोटो झाले.

महिन्याने संग्रह लोकांसमोर आला. फोटो देखणे होते, हे मधुवंतीलाही मान्य होतं. खाली श्रेयनामावली होती. संकल्पना आणि आत्मा, ऋतुराज. ड्रेप आर्किटेक्चर, कुणाल. केस, नखं, सुगंध यांचे वेगवेगळे मानकरी होते. घाटावरच्या पहाटेचेही आभार मानले होते. अगदी शेवटी 'टीम वाराणसी' असं होतं, आणि ती टीम म्हणजे कोण, याचा खुलासा नव्हता. एका फोटोत कडेला एक धूसर नऊवारी दिसत होती.

मधुवंती रात्रभर तळमळली आणि सकाळी ऋतुराजसमोर जाऊन उभी राहिली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. श्रेय मागितलं की माणूस लहान होतो, तो म्हणाला. "यह ड्रेप किसी एक की नहीं है, मधु. सदियों की है."

"सदियाँ उस दिन घाट पर नहीं आई थीं," मधुवंती म्हणाली. "मैं आई थी, और मेरी आत्या आई थीं. वह जो दीवार पर है न, अज्ञात स्त्री, वह भी वही हैं. मृणालिनी पुराणिक. आपने पूछा ही नहीं."

ऋतुराजने भिंतीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, माणसाला लाज वाटली. मग त्याचा चेहरा उजळला.

"यह तो बहुत सुंदर कहानी है," तो म्हणाला. "इस पर रील बनाते हैं."

मधुवंतीने आपली बाटली आणि डबा उचलला आणि ती घरी आली.

घरी कुणी तिला रागावलं नाही, आणि तेच जड गेलं. नरहरपंतांनी ती नामावली चष्मा लावून दोनदा वाचली. कर्ता गाळूनही वाक्य करता येतं, ते म्हणाले, व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दोष नाही. लबाडी मात्र आहे. मुलीच्या बाजूने त्यांनी एवढं लांब विधान पहिल्यांदाच केलं होतं.

तीन आठवडे ती अर्ज पाठवत राहिली. मग संपदाचा फोन आला. जयपूरला एका डिझायनरचा मोठा शो होता. चौदा नऊवारी साड्या, चाळीस मिनिटं, आणि त्यांचा नेसवणारा माणूस ऐन वेळी फिरला होता. संपदाने तिचं नाव सांगून टाकलं होतं. पैसे रीतसर मिळणार होते.

मधुवंतीला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं. तीन वर्षं तिने रेखाटनं केली, रंगांचा अभ्यास केला, बाह्यांचे अठरा प्रकार शिकली, आणि जगाला तिच्याकडून हवं काय, तर जे ती दहाव्या वर्षी पत्र्याच्या सांगाड्यावर शिकली ते. तिने आत्याला हे सांगितलं. लाज वाटते, म्हणाली, लोक म्हणतील डिझायनर व्हायला गेली आणि साड्या नेसवते.

"त्या चौदा साड्या तिथल्या कुणाला नेसवता येतात?" आत्याने विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग लाज त्यांना वाटू दे. तू तिकीट काढ."

जयपूरला पडद्यामागे भिंतीवर कामाची यादी लावली होती. तीत तिचं नाव 'मधुमती' होतं आणि पुढे 'हेल्पर'. मधुवंती यादी करणाऱ्या बाईकडे गेली आणि दोन्ही दुरुस्त करून मागितलं. शो तासाभरावर आलाय, बाई त्रासून म्हणाली. म्हणूनच लवकर करा, मधुवंती म्हणाली आणि पेन पुढे केला. बाईने नाव दुरुस्त केलं. 'हेल्पर' खोडून काय लिहायचं ते तिला सुचेना, म्हणून मधुवंतीनेच लिहिलं, 'साडी'.

चौदांपैकी तेरा साड्या शेवटपर्यंत टिकल्या. बाराव्या मॉडेलचा ओचा वळणावर सैल झाला, ती कशीबशी निभावून आत आली, आणि डिझायनरने सगळ्यांसमोर मधुवंतीला फैलावर घेतलं. तासाभराने त्याच डिझायनरने तिला पुढच्या महिन्याच्या तारखा विचारल्या. हा धंदाच असा आहे, संपदा म्हणाली, मनावर घेऊ नकोस. मधुवंतीने मनावर घेतलं, पण तारखाही दिल्या.

संध्याकाळी तिने घरी फोन केला आणि घडलं ते सांगितलं. आत्याने अभिनंदन वगैरे काही केलं नाही. सुटलेली कुठली, कापड कसं होतं आणि गाठ नेमकी कुठे दिली होती, ते तिने विचारलं. मधुवंतीने सांगितलं. तिथेच चुकलं, आत्या म्हणाली. मधुवंतीला ते पटलं नाही. मग पाऊण तास दोघी त्या गाठीवरून वाद घालत राहिल्या.