मामांनी तपासलेली पत्रं

ही हकिकत खरी मानणारा माणूस अजून सापडलेला नाही, आणि सापडलाच तर त्याला एकट्याने रस्ता ओलांडू देऊ नये. रस्त्याचं नाव काढलं ते अशासाठी, की सगळा घोळ सुरू झाला एका रस्त्यावरूनच. शिडीवाल्या मामांच्या कारखान्यासमोर काचवाल्याचं दुकान होतं. मधला रस्ता बावीस पावलांचा. मामांनी स्वतः मोजला होता. जाताना बावीस भरली, येताना एकवीस, आणि ते एक पाऊल कुणी लांबवलं याचा त्यांना आजही संशय आहे. तर या बावीस पावलांवरून मामांच्या कारखान्यातून सकाळी दहाला सुटलेला ईमेल काचवाल्याकडे दुपारी चारला पोचायचा. तेवढ्या वेळात एखादी गोगलगाय पलीकडे जाऊन, आरशात तोंड बघून, मागे फिरली असती.

आणि काचवाला नशीबवान म्हणायचा. इतरांकडे तर मामांची पत्रं सरळ कचऱ्याच्या खान्यात पडत. टकलावर केस उगवून देणारे, न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस देणारे आणि परदेशातल्या कुठल्याशा विधवेची इस्टेट वाटायला निघालेले, अशा मंडळींच्या पंगतीत मामांचं ‘दहा फुटी लाकडी शिडी, कोटेशन सोबत जोडले आहे’ हे पत्र निमूट बसलेलं असे. गिऱ्हाईक म्हणे, तुमचं काही आलंच नाही, म्हणून तुमच्या साडूंना ऑर्डर देऊन टाकली.

साडूंचाही कारखाना शिड्यांचाच, मागच्या गल्लीत. त्यांची पत्रं मात्र बाणासारखी पोचायची. तीन महिन्यांत पाच ऑर्डरी साडूंकडे गेल्या आणि मामांच्या मनात पाल चुकचुकली. खरं तर ती कधी गप्प बसलेलीच नव्हती. मामा दोन घड्याळं घालत, एकमेकांवर लक्ष ठेवायला. वॉर्निशच्या डब्यावर रोज संध्याकाळी पेन्सिलीने पातळीची रेघ मारत, आणि सकाळी ती रेघ आपलीच आहे ना, हे अक्षर ताडून बघत.

कारखान्यात माणसं मोजून तीन. ज्याच्याशी लाकूडही ओळखीने बोलेल असा म्हातारा मिस्त्री, स्वतः मामा, आणि ऑफिसच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसणारी भाची. भाची मामांच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची मुलगी. तिशीची, डोकं शांत, बोलणं थोडं. अक्कांनी तिला दोन वर्षांपूर्वी इथे धाडली, तेव्हा ‘तुझ्याच हातात देतेय’ असं म्हटलं होतं. पत्रं लिहायची आणि पाठवायची ती. म्हणजे पत्रं अडवायची झाली तर अडवू शकणारीही तीच. शिवाय गेल्या महिन्यात ती साडूंशी रस्त्यात बोलताना दिसली होती. चार मिनिटं, एका घड्याळाप्रमाणे. दुसऱ्याप्रमाणे साडेचार.

“कुंपणच शेत खातंय,” मामा मामींना म्हणाले.

“कुंपण तुम्हीच आणून लावलंत,” मामी म्हणाल्या. “आणि ती साडूंशी बोलली तर काय बिघडलं? मी तर त्यांच्या घरी जाऊन जेवते.”

“तुझ्यावरही माझं लक्ष आहे.”

“ठेवा. तेवढीच मला सोबत.”

मामांकडे पुरावा होता. सहा महिन्यांपूर्वी नवीन ईमेल बसवून द्यायला तंत्रज्ञ आला, तेव्हा मामांनी त्याला वॉर्निशच्या कोपऱ्यात नेऊन कानात सांगितलं होतं, की कारखान्यातून जाईल त्या प्रत्येक पत्राची एक गुपचूप प्रत माझ्या मोबाइलवरच्या फुकटच्या वेबमेलमध्ये आली पाहिजे. ज्याला पत्र त्याला कळता कामा नये आणि जी पाठवते तिला तर नाहीच नाही. तंत्रज्ञाने तसं करून दिलं. तेव्हापासून मामा रोज स्टुलावर बसून प्रती वाचत. आणि भाची म्हणे ‘दहाला पाठवलं’, तर मामांकडे प्रत यायची दुपारी तीनला. याचा अर्थ उघड होता. पोरगी पत्र दाबून ठेवते, आधी साडूंना दाखवते आणि मग सोडते.

नुसत्या अंदाजावर न थांबता मामांनी अकरा फुटी शिडी काढली. ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीला, झरोक्याखाली लावली आणि वरून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसले. तिथून भाचीच्या कॉम्प्युटरचा पडदा स्वच्छ दिसे. दहा वाजून पाच मिनिटांनी तिने पत्र लिहून पाठवण्याचं बटण दाबलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. खिशातला मोबाइल गप्प. अकरा वाजले, बारा वाजले. मामांचा डावा पाय आधी मुंग्यांना गेला, मग कुणाचा आहे तेही कळेना.

पलीकडून काचवाल्याने विचारलं, “मामा, वर काय चाललंय?”

“शिडी तपासतोय.”

“कालही तीच तपासत होतात.”

“काल खालची बाजू तपासली.”

पावणेतीनला मोबाइल वाजला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पोरीने दहाला पाठवलं, तिचा दोष नाही. मामांनी निष्कर्ष काढला, की पोरीकडे पाठवण्याची दोन बटणं आहेत, एक खरं आणि एक मामांना दाखवायचं.

त्याच आठवड्यात मोठ्या वाचनालयाची विचारणा आली. छतापर्यंतची कपाटं, त्यांना चाकांवर सरकणाऱ्या चोवीस शिड्या हव्या होत्या. कोटेशन शुक्रवारी दुपारपर्यंत. मामांनी ठरवून टाकलं. हे पत्र वेळेत पोचलं नाही, तर शनिवारी भाचीची बॅग भरायची आणि तिला अक्कांच्या दारात नेऊन सोडायची. मामींना त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं. पण मामांचा हळू आवाज रंध्याच्या आवाजावर मात करून मिस्त्रीपर्यंत पोचलेला असायचा, मग बाजूच्या खोलीत बसलेल्या भाचीला ऐकू येणं काय अवघड होतं.

ती मंगळवारी येऊन दारात उभी राहिली. “मामा, पत्रं का अडतात ते मला शोधायचंय. शुक्रवारपर्यंत वेळ द्या.”

“शोध ना. चोर सापडला की मलाच आधी सांग.”

“तुम्हालाच सांगणार,” ती म्हणाली. यात टोमणा आहे का, यावर मामांनी अख्खी दुपार घालवली.

भाचीने काम नेटाने केलं. काचवाल्याकडे जाऊन त्याला पोचलेलं एक पत्र उघडलं आणि त्याच्या पाठीवरचे शिक्के वाचले. ईमेलच्या पाठीवरही शिक्के असतात, कुठून कधी निघालं, कुठल्या दारात किती वेळ बसलं. त्यावरून दिसलं, की पत्र कारखान्यातून दहाला निघतं, गावातल्या बहुतेकांची खाती जिच्याकडे आहेत त्या वेबमेल कंपनीच्या दारात दोन सेकंदांत पोचतं, आणि तिथला दरवान त्याला म्हणतो, तुमचं नाव चांगलं ऐकलेलं नाही, जरा वेळाने या. पत्र बिचारं चार-पाच तास चकरा मारत राहतं. कधी आत घेतलं, तरी बसवतात ते कचऱ्याच्या खान्यात.

मग तिने आणखी एक चूक शोधली. कारखान्याच्या नावाने पत्र पाठवायची परवानगी असलेल्या यंत्रांची यादी असते, तीत जुन्याच यंत्राचं नाव राहिलं होतं. तिने यादी दुरुस्त केली. वेळ थोडा कमी झाला, पण कचऱ्याचा खाना सुटेना. तेव्हा तिने वेबमेल कंपनीकडे अर्ज करून ठेवला, की आमच्या पत्रांविरुद्ध कुणी तक्रार केली तर त्या पत्राची नक्कल आम्हाला पाठवा.

मामा हे सगळं झरोक्यातून बघत होते. काहीतरी पुसून टाकतेय, एवढंच त्यांना कळलं.

शुक्रवारी सकाळी मामा वॉर्निशच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले आणि आलेल्या प्रती वाचू लागले. वाचनालयाचं कोटेशन आदल्या दिवशीच गेलेलं होतं. त्याच्यापाठोपाठ आलेलं एक छोटं पत्र होतं. ‘आदरणीय मामा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही, हे मला कळलंय. अविश्वासाच्या जागी मी काम करू शकत नाही. महिनाअखेर माझा राजीनामा समजावा. चाकांची मापं मिस्त्रीकाकांकडे दिली आहेत.’

मामांनी ते तीनदा वाचलं. पोरीने ते अजून हातात दिलेलं नव्हतं. उद्या बॅग भरायची ठरवलेला माणूस, त्याला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. कुठल्या गिऱ्हाईकाला किती फुटी शिडी हवी, हेही तिच्याशिवाय कुणाला सापडत नव्हतं. अक्कांना काय तोंड दाखवायचं? ‘तुझ्याच हातात देतेय’ म्हणाली होती. आणि मग लगेच दुसरा विचार आला, की पोरीने हे आपल्याला दाखवायला तर लिहिलं नसेल? पण दाखवणार कशी, तिला प्रतींचं ठाऊकच नाही. मामांनी नेहमीप्रमाणे पत्र तपासलं आणि मोबाइल खिशात टाकला.

दुपारी चारला भाचीने हाक मारली. मामी चहा घेऊन आल्याच होत्या. मिस्त्री हातातली पायरी तशीच घेऊन आला. ऑफिसच्या खोलीत दोनच खुर्च्या, म्हणून मामा एका तिवई-शिडीवर बसले.

“आधी चांगली बातमी,” भाची म्हणाली. “वाचनालयाला मी फोन केला. आपलं कोटेशन त्यांच्या कचऱ्यातच होतं. त्यांनी बाहेर काढलं, वाचलं. चोवीस शिड्यांची ऑर्डर आपल्याकडे आली.”

“मग झालं तर,” मामी म्हणाल्या.

“झालं नाही. परवापासून माझ्याकडे तक्रारींच्या नकला येतायत. कुणीतरी आपल्या पत्रांवर ‘हे स्पॅम आहे’ असं बटण दाबतंय. एका पत्रावर नाही, प्रत्येक. काचवाल्याला गेलेलं, वाचनालयाला गेलेलं, आईला मी कारखान्यातून पाठवलेलं सुद्धा. शंभर पत्रं सुटली की शंभर तक्रारी. मग कंपनी आपल्याला चोर समजणार नाही तर काय? तक्रार करणाऱ्याचं नाव ते झाकतात. पण हा माणूस एकच आहे. आपलं प्रत्येक पत्र त्याला मिळतं आणि प्रत्येक वाचून झालं की तो बटण दाबतो.”

“कसलं बटण?” मामांनी विचारलं.

“आठ कोनांची चौकट, मध्ये उद्गारचिन्ह.”

तिवई-शिडी मामांच्या स्वतःच्या हातची होती, म्हणून हलली नाही. मामा हलले. ती आठ कोनांची चौकट त्यांना चांगली ठाऊक होती. सहा महिन्यांपूर्वी पहिलीच प्रत वाचून झाल्यावर त्यांनी पडद्यावरची सगळी चिन्हं निरखली होती. केराचा डबा त्यांनी टाळला, पुरावा कोण टाकेल? उद्गारचिन्ह मात्र मनापासून आवडलं. ‘मालकाचं लक्ष आहे’ असा तो शिक्का दिसत होता. दाबला की पत्र समोरून नाहीसं होऊन कुठल्याशा कपाटात जाई. मामांनी त्याला नाव दिलं होतं, तपासलेली पत्रं. पुढे पुढे तर पत्रं न सांगताच त्या कपाटात जाऊन बसू लागली. यंत्राला आपली शिस्त लागली, असं मामांना वाटलं. तरी उगाच विषाची परीक्षा नको, म्हणून ते एकेक पत्र बाहेर काढत, वाचत आणि पुन्हा शिक्का मारत.

“मालक, घाम आलाय तुम्हाला,” मिस्त्री म्हणाला.

“राग आलाय,” मामा म्हणाले. “कारण हा माणूस मला माहीत आहे.”

तिघंही बघत राहिले. मामांनी चहाचा घोट घेतला, तेवढ्यात अर्धी गोष्ट तयार झाली.

“साडू,” मामा म्हणाले. “मी गेले कित्येक दिवस त्यांच्या मागावर होतो. शिडीवर बसायचो ते उगाच नाही. त्यांनी एक माणूस ठेवलाय. एक डोळा काचेचा.”

“कुठे ठेवलाय?” भाचीने विचारलं.

“मागच्या खोलीत. त्याच्यापुढे चाळीस मोबाइल मांडलेले. आपलं पत्र आलं की हा चाळीसही मोबाइलवर बटण दाबतो. अंगठ्याला पट्टी बांधलीय दाबून दाबून.”

“कुठल्या अंगठ्याला?” मिस्त्रीने विचारलं.

“उजव्या. डावा पगारी नाही.”

“अहो, मी परवा तिथे जेवले,” मामी म्हणाल्या. “मागच्या खोलीत त्यांचे शिड्यांचे वासे आणि एक मांजर आहे.”

“तू गेलीस की ते मोबाइल वाशांमध्ये लपवतात. मांजर पहाऱ्याला ठेवलंय.”

“आणि आपली पत्रं त्याला मिळतात कशी?” भाची म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, आणि नेमकी त्याचीच मामांना भीती वाटली.

“तो तंत्रज्ञ फितूर. ईमेल बसवायला आला तेव्हाच मला त्याच्या चपला आवडल्या नव्हत्या. पण आता मी बंदोबस्त करतो. आज संध्याकाळीच साडूंना जाऊन असा दम देतो, की उद्यापासून एक तक्रार येणार नाही. लिहून घे. एकसुद्धा येणार नाही.” मामांना आता आपलीच गोष्ट पटू लागली होती. आवाजात ओलावा आला. “चूक माझीही झाली, पोरी. मी तुझ्यावर संशय घेतला. पण आता चोर सापडलाय ना, मग तो राजीनामा वगैरे मनातून काढून टाक. महिनाअखेर कुठेही जायचं नाही. अक्काला काय सांगू मी?”

मिस्त्रीने हातातली पायरी हळूच टेबलावर ठेवली. मामी एकदा नवऱ्याकडे आणि एकदा भाचीकडे बघत होत्या. “कसला राजीनामा?” त्या म्हणाल्या.

“तेच मी विचारणार होते, मामी,” भाची म्हणाली. “खोटं बोलताय, मामा. राजीनाम्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. ते पत्र मी काल संध्याकाळी या टेबलावरून फक्त माझ्याच पत्त्यावर पाठवलं होतं, कोण वाचतंय ते बघायला. आज सकाळी त्याचीही तक्रार आली. आता तो मोबाइल इकडे द्या, आणि मी राहावं की जावं, ते मला तोंडावर सांगा.”